परदेशी वास्तव्य आणि मायभूमीचे नागरिकत्व

नोकरीधंद्यासाठी परदेशी निघालेला माणूस ‘दोन-चार वर्षांत परत येतो’ असे सांगून घराचा उंबरा ओलांडतो. त्या दोन-चार वर्षांची वीस-पंचवीस वर्षे कधी होतात, हे त्याचे त्यालाही कळत नाही. मुले तिकडेच शाळेत जातात, तिकडेच मोठी होतात. इकडे आईवडील थकतात, घराची कौले बदलायची राहून जातात आणि सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव राहते. वसई-पालघरपासून ठाणे-भिवंडीपर्यंत आपल्या धर्मग्रामांतून अशी घरे आता मोजकी राहिलेली नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जगभरात भारतीय आणि भारतीय वंशाचे मिळून सुमारे ३ कोटी ५४ लाख लोक भारताबाहेर राहतात. त्यांपैकी सुमारे १ कोटी ५८ लाख लोकांजवळ आजही भारताचेच पासपोर्ट आहेत. म्हणजेच देश सोडला, पण नागरिकत्व सोडले नाही, अशांची ही संख्या आहे.

नाताळच्या आणि मे महिन्याच्या सुटीत ही मंडळी गावी येतात तेव्हा आमच्याकडे काही प्रश्न हमखास येतात. इतकी वर्षे बाहेर राहिल्याने आपले भारतीय नागरिकत्व जाते काय? तिकडचा पासपोर्ट घेतला तर बापजाद्यांच्या जमिनीवरचा हक्क सुटतो काय? मुलांचे काय? हे प्रश्न विचारणारे बहुतेक जण चार वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधतात, असा आमचा अनुभव आहे. नागरिकत्व ही एक गोष्ट. आर्थिक व्यवहारांसाठी आणि करासाठी धरला जाणारा ‘निवासी’ वा ‘अनिवासी’ दर्जा ही दुसरी. जमिनीची मालकी ही तिसरी. आणि ख्रिस्तसभेच्या दृष्टीने आपले धर्मग्राम कोणते, ही चौथी. या चारही गोष्टींचे कायदे निराळे आहेत. एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. आणि एक टिकली म्हणून बाकीच्या टिकतात असेही नाही. प्रस्तुत लेखात या चार गोष्टी सुट्या करून मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

नागरिकत्व कशाने जाते आणि कशाने जात नाही

भारताच्या राज्यघटनेने एकच नागरिकत्व मान्य केले आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारणारा भारताचा नागरिक राहत नाही, हे तत्त्व घटनेच्या नवव्या अनुच्छेदात आहे. तेच पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमात विस्ताराने आले. येथे ‘स्वेच्छेने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जन्माने भारतीय असलेला माणूस दहा वर्षे बाहेर राहो की चाळीस वर्षे, केवळ वास्तव्याने त्याचे नागरिकत्व जात नाही. पासपोर्टची मुदत संपली तरी नागरिकत्व संपत नाही. पासपोर्ट हा नागरिकत्वाचा पुरावा आहे, उगम नव्हे. नागरिकत्व जाते ते दुसऱ्या देशाची शपथ घेऊन त्याचे नागरिकत्व स्वीकारल्याच्या क्षणी. त्यासाठी भारत सरकारकडे वेगळा अर्ज केला नाही म्हणून ते टिकून राहत नाही.

पुष्कळांचा घोटाळा होतो तो येथेच. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश आपल्या नागरिकाला दुसरे नागरिकत्व ठेवू देतात. जर्मनीनेही २०२४ च्या जूनपासून ती मुभा दिली. ‘तिकडचा कायदा दोन्ही ठेवू देतो’ असे ऐकून काही जण दोन्ही पासपोर्ट कपाटात ठेवून देतात. तथापि तिकडचा कायदा तिकडच्यापुरता आहे. भारताचा कायदा ती मुभा देत नाही. परदेशी नागरिकत्व घेतल्यानंतर भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. तो जवळ बाळगणे आणि त्यावर प्रवास करणे हा गुन्हा ठरतो.

एका अपवादाची येथे नोंद करणे आवश्यक आहे. जे जन्माने नव्हे तर नोंदणीने वा देशीकरणाने भारतीय झाले आहेत (उदाहरणार्थ, भारतीय माणसाशी विवाह करून येथील नागरिकत्व घेतलेली परदेशी पत्नी), त्यांनी सलग सात वर्षे भारताबाहेर वास्तव्य केले तर सरकार त्यांचे नागरिकत्व काढून घेऊ शकते. शिक्षणासाठी वा सरकारी नोकरीसाठी बाहेर असलेले आणि दरवर्षी वकिलातीत आपला इरादा नोंदविणारे त्यातून वगळलेले आहेत. अशा कुटुंबांनी ही वार्षिक नोंद विसरू नये.

आखाताची वाट : परत यावेच लागते

आखातातील सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. या देशांशी आपला संबंध तेलाच्या आधीपासूनचा आहे. कुवेत, बहारीन, कतार या भागांत एकेकाळी भारतीय रुपयाच चालत असे आणि १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या, हे आज अनेकांना ठाऊक नसते. परंतु इतक्या जुन्या संबंधानंतरही तेथे नागरिकत्वाचा दरवाजा परकीयांना जवळजवळ बंदच आहे. कुवेतच्या १९५९ च्या कायद्यात १९८२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तर देशीकरणासाठी मुस्लिम असण्याची अट घातली. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून दीर्घ मुदतीचे ‘गोल्डन व्हिसा’ सुरू केले आणि २०२१ मध्ये निवडक परकीयांना नागरिकत्व देण्याची तरतूद केली. परंतु ते मागून मिळत नाही, शिफारशीने दिले जाते.

म्हणून आखातातील आपला बांधव भारतीय राहतो तो निवडीने तितका नव्हे, जितका परिस्थितीने. त्याचा तेथील निवास नोकरीशी आणि मालकाच्या परवान्याशी जोडलेला असतो. नोकरी गेली की व्हिसा जातो. तेथेच जन्मलेला मुलगाही ठरावीक वयानंतर बापाच्या व्हिसावर राहू शकत नाही. तीस वर्षे राहून निवृत्त झालेल्या माणसाला सामान बांधून गावीच यावे लागते. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून गृहीत धरणारे सावध राहतात; न धरणारे साठीत येऊन येथे घर शोधू लागतात.

अशा वेळी मायदेशाच्या नागरिकत्वाचे मोल काय, ते संकटात कळते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. २०१५ मध्ये येमेनमधून, २०२३ मध्ये सुदानमधून असेच लोक आणले गेले. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले, तेव्हा हवाई दलाच्या विमानाने त्यांचे मृतदेह दोन दिवसांत भारतात आणले. वकिलातींमध्ये २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीत सापडलेल्यांना तात्पुरता निवारा, कायद्याची मदत आणि निर्धनाचे पार्थिव मायदेशी पाठविण्याचा खर्च त्यातून केला जातो. आपल्या माणसांनी तिकडे पोहोचताच वकिलातीत नाव नोंदवावे, असे आम्ही आवर्जून सांगतो ते याच कारणाने.

पश्चिमेची वाट : कायम निवास आणि पुढचा प्रश्न

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड, अमेरिका येथे गेलेल्यांची गोष्ट वेगळी. तेथे आधी कायम निवासाचा परवाना मिळतो आणि काही वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. कायम निवास म्हणजे नागरिकत्व नव्हे. तो घेतल्याने भारतीय नागरिकत्वाला कोणतीही बाधा येत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचे ग्रीन कार्ड घेऊन माणूस आयुष्यभर तेथे राहू शकतो, आणि असे राहणारे पुष्कळ आहेत.

परंतु या मार्गालाही अटी आहेत. कॅनडाचा कायम निवास टिकविण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस तेथे राहावे लागते. इंग्लंडचा अनिश्चित मुदतीचा परवाना सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास साधारणपणे संपतो. अमेरिकेचे कार्डधारक वर्षभर बाहेर राहिले की परतताना प्रश्न उभे राहतात. आजारी आईच्या उशाशी दीड-दोन वर्षे बसण्यासाठी गावी आलेल्या मुलाला या अटी किती जाचक होतात, हे ज्याच्यावर वेळ आली तोच जाणे. उलटपक्षी तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याला हवे तितके दिवस इकडे राहून परत जाता येते. म्हणजे मायदेशाचे नागरिकत्व राखणाऱ्यालाच कधीकधी मायदेशी दीर्घकाळ राहणे महाग पडते. हा विरोधाभास समजून घेतल्याखेरीज तिकडचे नागरिकत्व घेणाऱ्यांना कृतघ्न म्हणण्याची घाई कोणी करू नये.

ही निवड दरवर्षी लाखो लोक करतात. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ व्यक्तींनी भारतीय नागरिकत्व सोडले. तिकडे मतदानाचा हक्क, सरकारी नोकरी, व्हिसाशिवाय प्रवास अशी त्याची अनेक कारणे असतात. मात्र प्रत्येक देशात मतदानासाठी नागरिकत्व लागतेच असे नाही. इंग्लंडमध्ये कायदेशीर वास्तव्य करणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. न्यूझीलंडमध्येही कायम निवासी वर्षभराच्या सलग वास्तव्यानंतर मतदार होऊ शकतो.

गोव्याचे उदाहरण आपल्याला लागू नाही

गोव्यातील बांधवांनी पोर्तुगालचा पासपोर्ट घेतल्याच्या बातम्या वाचून ‘आमचीही आडनावे पोर्तुगीज आहेत, आम्हांलाही तो मिळेल काय?’ अशी विचारणा आपल्याकडे होते. आडनावाशी याचा काही संबंध नाही. गोवा, दमण व दीव १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते. त्या दिवसापूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा आपली नोंद करू देतो. वसईचा किल्ला व साष्टीचा मुलूख मात्र १७३९ पर्यंतच मराठ्यांच्या हाती आला होता. त्यामुळे वसई-ठाण्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना हा मार्ग खुला नाही, आणि तो खुला करून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत. ज्या गोवेकरांनी ही नोंद करून पासपोर्ट घेतला, त्यांचेही भारतीय नागरिकत्व गेले. काहींना येथील पासपोर्ट रद्द झाल्याचा आदेश हाती पडल्यावरच त्याचा अर्थ कळला.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी सरकारने २००५ मध्ये ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ अर्थात ओसीआय कार्डाची योजना पूर्ण स्वरूपात आणली. त्यापूर्वीचे पीआयओ कार्ड जानेवारी २०१५ मध्ये तिच्यात विलीन झाले. नावात ‘सिटिझन’ असल्याने अनेक जण त्याला दुहेरी नागरिकत्व समजतात. प्रत्यक्षात ती आयुष्यभराची व्हिसाची सोय आहे. कार्डधारकाला केव्हाही यावे, हवे तितके राहावे, बँकेत खाते ठेवावे, घर घ्यावे, हे करता येते. पण त्याला मत देता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही, घटनात्मक पदे भूषविता येत नाहीत आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२० च्या मे महिन्यात महासाथीमुळे अडकलेल्यांना आणणारी विमाने सुरू झाली तेव्हा आधी भारतीय नागरिकांनाच प्रवेश होता. कार्डधारकांपैकी काही ठरावीक गटांना २२ मे रोजी परवानगी मिळाली. कार्ड आणि नागरिकत्व यांतील अंतर त्या पंधरा दिवसांत पुष्कळांना जाणवले.

आपल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ४ मार्च २०२१ च्या सरकारी अधिसूचनेनुसार कार्डधारकाला भारतात मिशनरी कार्य करावयाचे असल्यास विशेष परवानगी घ्यावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेले आपल्या भागातील धर्मगुरू वा धर्मभगिनी येथे सेवेसाठी परत येणार असतील, तर त्यांच्या वरिष्ठांनी याचा आधीच विचार करावा.

परतीची वाट मात्र कायद्याने बंद केलेली नाही. कार्ड घेऊन पाच वर्षे झालेल्या आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेल्या व्यक्तीला पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी परदेशी नागरिकत्व सोडावे लागते.

मुलांचे काय?

सर्वांत मोठा धोका आहे तो येथे. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व मिळते. १० डिसेंबर १९९२ पूर्वी त्यासाठी वडील भारतीय असावे लागत. त्या दिवसापासून आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक चालते. परंतु ३ डिसेंबर २००४ पासून एक नवी अट आली. अशा मुलाचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदविला पाहिजे आणि त्याच्याजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांनी लिहून दिले पाहिजे. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

आखातात जन्मलेल्या बालकाला तो देश नागरिकत्व देत नाही आणि इकडची नोंदही राहून गेली, तर ते कोणाचेच नागरिक नाही अशी अवस्था येऊ शकते. तेथील रुग्णालयाचा दाखला किंवा धर्मग्रामाने दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला या नोंदीची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेत वा कॅनडात जन्मलेले मूल मात्र जन्मानेच तेथील नागरिक ठरते. तिकडचा पासपोर्ट काढल्यावर त्याची येथे भारतीय म्हणून नोंद होत नाही. त्याच्यासाठी ओसीआय हाच मार्ग उरतो. त्यामुळे आईवडील भारतीय, थोरला मुलगा भारतीय आणि धाकटी मुलगी परदेशी, अशी एकाच छपराखालची कुटुंबे आता दिसतात.

पैसा आणि कर : येथे पासपोर्ट विचारत नाहीत

नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस भारतीय नागरिक असूनही परकीय चलनविषयक कायद्याच्या, म्हणजेच फेमाच्या दृष्टीने ‘अनिवासी’ होतो. त्याने गावातील बँकेचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमाला धरून नाही. ते खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. घरभाडे, शेतीचे उत्पन्न, पेन्शन असा येथला पैसा त्या खात्यात जमा होतो. परदेशातून आलेल्या पैशासाठी एनआरई खाते असते. त्यातील रक्कम पुन्हा बाहेर नेता येते आणि तिच्या व्याजावर येथे प्राप्तिकर लागत नाही. कायमचे परत आल्यावर मात्र हे खाते पुन्हा निवासी करून घ्यावे लागते, आणि ती करमाफीही संपते.

प्राप्तिकराचेही तसेच आहे. अमेरिका आपल्या नागरिकाला तो जगात कोठेही असो, कर लावते. भारत मुख्यतः किती दिवस येथे राहिलात हे पाहतो. आर्थिक वर्षात १८२ दिवसांचा मुक्काम ही त्यातील मुख्य कसोटी. परंतु २०२० पासून नागरिकत्वालाही थोडे स्थान मिळाले आहे. ज्या भारतीय नागरिकाचे परदेशी मिळकत सोडून असलेले उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे आणि जो दुसऱ्या कोणत्याही देशात करपात्र निवासी नाही, तो येथे निवासी मानला जातो. बहुतेक नोकरदारांना हा नियम लागत नाही. येथे मोठे भाडे वा नफा मिळविणाऱ्यांनी मात्र सल्ला घ्यावा.

दिघाशीची शेतजमीन

आता जमिनीकडे वळू. भिवंडी तालुक्यातील दिघाशी हे गाव उदाहरणादाखल घेऊ. गोदामांच्या विस्ताराने भिवंडी तालुक्यात जमिनीला पूर्वी कोणी स्वप्नातही न पाहिलेले महत्त्व आले आहे, आणि भावाभावांतील वादही त्याबरोबर आले आहेत. समजा, दिघाशीत एका कुटुंबाची भातशेती आहे. थोरला मुलगा मस्कतला भारतीय पासपोर्टवर नोकरी करतो, मुलगी ऑस्ट्रेलियात जाऊन तेथील नागरिक झाली आहे, धाकटा मुलगा गावी राहून शेती पाहतो. वडील मृत्युपत्र न करता वारले. तर जमीन कोणाची?

उत्तर असे की, वारसा पासपोर्ट पाहत नाही. ख्रिस्ती कुटुंबाला सामान्यतः १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलामुलींना समसमान. मुलगी विवाहित आहे वा परदेशी नागरिक झाली म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. फेमाचे नियमही अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकाला वारसाहक्काने शेतजमीन घेऊ देतात. ‘तिने पासपोर्ट बदलला, आता तिचा काय संबंध?’ हे गावातील बोलणे कायद्याला धरून नाही.

पण विकत घेण्याचा नियम अगदी उलट आहे. अनिवासी भारतीय असो की कार्डधारक, दोघांनाही घर वा दुकान घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन अथवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. म्हणजे मस्कतचा मुलगा भारतीय नागरिक असूनही, आणि शेतकऱ्याचा मुलगा असूनही, अनिवासी असेपर्यंत शेजारचे शेत स्वतःच्या नावे घेऊ शकत नाही. असे असताना बरेच जण भावाच्या वा वडिलांच्या नावे जमीन घेतात. वडिलांच्या नावे घेतली तर ती वडिलांच्या पश्चात सर्व वारसांत वाटली जाते. भावाच्या नावे घेतली तर कागदोपत्री मालक भाऊच, आणि बेनामी व्यवहाराचा कायदा पैसे पाठविणाऱ्याच्या बाजूने उभा राहीलच असे नाही. वाळवंटात घाम गाळून मिळविलेला पैसा अशा रीतीने बुडाल्यावर नाती तर तुटतातच, पण न्यायालयातही हाती फारसे लागत नाही.

वारसाने मिळालेली शेतजमीन अनिवासी व्यक्तीने विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. शिवाय महाराष्ट्रात कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये घेणारा सामान्यतः शेतकरी असावा लागतो. भिवंडी तालुक्यात आदिवासी बांधवांची मोठी वस्ती आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास महसूल कायद्याच्या ३६ व ३६-अ या कलमांची बंधने आहेत, हेही विसरता कामा नये.

व्यवहारात सर्वाधिक नुकसान होते ते नोंदीच्या आळसाने. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवून फेरफार करून घ्यावा लागतो. परदेशातून येणे शक्य नसेल तर कुलमुखत्यारपत्र करता येते. ते वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. ते शक्यतो एका कामापुरते मर्यादित असावे. ‘सर्व अधिकार’ देणारा कागद जवळच्या नात्यालाही मोहात पाडतो. लिहून देणारा मरण पावला की सामान्यतः असे पत्र संपते, हेही ध्यानात ठेवावे.

मतदान

२०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परदेशस्थ भारतीय नागरिकाला मतदार होता येऊ लागले. त्यासाठी ६-अ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि पासपोर्टवर जो पत्ता असेल तेथील यादीत नाव येते. मात्र मत देण्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात अशा १,१९,३७४ मतदारांची नोंद होती आणि प्रत्यक्षात मतदान केले ते २,९५८ जणांनी, तेही बहुतांशी केरळात. हक्क आहे, पण विमानाचे तिकीट काढून तो बजावावा लागतो, अशी ही स्थिती आहे.

ख्रिस्तसभा काय विचारते?

ख्रिस्तसभेच्या कायद्यात पासपोर्टला स्थान नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील १०२ व्या नियमानुसार एखाद्या धर्मग्रामात कायम राहण्याच्या हेतूने आलेला, किंवा तेथे पाच वर्षे पूर्ण राहिलेला माणूस तेथला रहिवासी होतो. तीन महिन्यांच्या वास्तव्यानेही त्याला उपनिवास प्राप्त होतो. म्हणजे दुबईत वीस वर्षे राहणाऱ्या आपल्या भावाचे धर्मगुरू हे तेथील प्रमुख धर्मगुरू आहेत, मग त्याचा पासपोर्ट निळा असो की आणखी कोणता. आखातातील ख्रिस्तसभा तर जवळजवळ सगळीच परकीय नागरिकांची आहे.

व्यवहारात याचा संबंध येतो तो विवाहाच्या वेळी. सुटीत येऊन महिनाभरात लग्न उरकण्याचा बेत असेल, तर बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामातून नवा दाखला आणि सध्या राहत असलेल्या धर्मग्रामातून अविवाहित असल्याचे पत्र, अशी दोन्हीकडची कागदपत्रे लागतात. ती निघण्यापूर्वीच मिळवावीत. परदेशात झालेल्या विवाहाची नोंद मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत व्हावी यासाठीही पाठपुरावा करावा.

निवड करताना

मग नागरिकत्व राखावे की सोडावे? याचे एकच उत्तर सर्वांना देता येणार नाही, आणि ते देण्याचा अधिकार आमचाही नाही. ज्याला म्हातारपणी गावी परतायचे आहे, येथे शेती वाढवायची आहे, येथल्या ग्रामसभेत आणि निवडणुकीत आपला आवाज हवा आहे, त्याने घाईने पासपोर्ट बदलू नये. ज्याची मुले-नातवंडे तिकडे रुजली आहेत आणि ज्याला आईवडिलांच्या सेवेसाठी निर्धास्तपणे ये-जा करायची आहे, त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले तर त्यात पाप नाही. मात्र निर्णय पतीपत्नींनी मिळून, मुलांना विश्वासात घेऊन आणि गावच्या भावंडांना अंधारात न ठेवता करावा.

संत पौल तार्ससचे आणि जन्माने रोमचे नागरिक होते. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी परमुलखात काढला. जेरुसलेममध्ये फटक्यांची वेळ आली तेव्हा त्यांनी आपले नागरिकत्व सांगितले, आणि न्याय मिळेना तेव्हा त्याच हक्काने सम्राटाकडे दाद मागितली, असे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेले आहे. नागरिकत्वाची त्यांनी मिरवणूक काढली नाही, तसे ते क्षुल्लकही मानले नाही. गरजेच्या वेळी त्याचा नेमका उपयोग त्यांना ठाऊक होता, इतकेच.

आपल्या परदेशस्थ बंधुभगिनींनी या सुटीत गावी आल्यावर चार गोष्टी तरी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. मुलांच्या जन्मनोंदीचे कागद तपासावेत, बँकेत आपला अनिवासी दर्जा कळवावा, सातबारा उतारा काढून त्यावरील नावे पाहावीत, आणि आईवडील हयात असताना सर्व भावंडांसह बसून मृत्युपत्राचा विषय काढावा. या चौथ्या कामाला संकोच वाटतो, पण पुढे वादाला तोंड फुटण्यापेक्षा तो संकोच परवडतो.